न्हाणीच्या पाण्यापासून सुरुवात

गेल्या पंधरवड्यात वडूजमधल्या एका घरी गेले होते. घर गलाईवाल्याचं. मायणी-विटा पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. हे कुटुंबही वीसेक वर्षं तमिळनाडूत होतं. आता थोरला भाऊ बायको-मुलांना घेऊन गावी परतलाय. जुनं माळवद पाडून स्लॅबचं घर झालंय आणि मागं दोन गुंठ्यांचं परस मोकळं पडलंय. त्या घरच्या सूनबाईंनी मोठ्या हौसेनं सगळी तयारी मला दाखवली. दहा ग्रो बॅगा, गांडूळखताच्या चार गोण्या, कोकोपीटच्या विटा, आणि ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो अशा बियांची रंगीत पाकिटं. "ताई, पोरांना बिनविषाची भाजी खायला घालायची आहे. आधी काय लावू?"

मी म्हटलं, "आधी तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं ते दाखवा."

हा प्रश्न माझा नाही, माझ्या सासूबाईंचा. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मलाही बियांचीच घाई होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बी काय, कुटंबी मिळंल. पानी कुटनं आननार हाईस, त्ये आदी सांग." तेव्हा ते बोलणं मला लागलं होतं. आज खटाव तालुक्यात परसबागेचं नाव काढणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा तेच विचारते.

आपलं गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आपल्याकडं पाचशेच्या आसपास झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. येरळा आपल्याच तालुक्यात उगम पावते, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रातून चालत पलीकडं जाता येतं. अशा गावात परसबाग पावसाळ्यात कुणाचीही होते. ती वैशाखात टिकते का, हा खरा सवाल. आणि वैशाखातही रोज न चुकता वाहणारं एकच पाणी घरात असतं, ते म्हणजे आंघोळीचं आणि भाज्या-तांदूळ धुतल्याचं.

त्याचा हिशेब सोपा आहे. पाच माणसांचं घर, माणशी वीस लिटर धरले तरी रोजचं शंभर लिटर पाणी झालं. पाचटानं झाकलेल्या वाफ्याला भर उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण पाच लिटर पुरतं. म्हणजे वीस चौरस मीटर, गुंठ्याचा पाचवा हिस्सा, नळाला तोटीसुद्धा न लावता बारा महिने भिजतो. त्यातून घरची सगळी भाजी निघणार नाही. माणसानं दिवसाला भाजी आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम खावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मापानं पाच माणसांना रोजचे दोन किलो लागतील. पण पालेभाजी, कढीपत्ता, शेवगा, मिरची, दोन-चार वेलांची भाजी एवढं त्या तुकड्यातून येतं आणि बाजाराची अर्धी पिशवी हलकी होते, हा माझ्या स्वतःच्या परसातला अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी वाफ्यात सोडायचं नाही. त्यातल्या सोडियमनं माती आवळते, वरून पापुद्रा धरते आणि आपल्याकडच्या चुनखडी जमिनीचं दुखणं आणखी वाढतं. न्हाणीचं पाणीही थेट सोडू नये. आधी हातभर खोल खड्ड्यात गोटे आणि जाड वाळू भरायची, कडेनं कर्दळ आणि अळू लावायचे, त्यातून निथळलेलं पाणी पुढं न्यायचं. स्लॅबवरचं पावसाचं पाणीही असंच धरायला हवं. साठ चौरस मीटरच्या छतावर पाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे तीस हजार लिटर पाणी पडतं. थोडं वाया गेलं धरलं तरी चोवीस हजार लिटर तर नक्की, आणि आज ते गटारीला जातंय.

पाण्यानंतर माती. इथं मला जरा थांबायचंय, कारण चूक इथंच होते आणि ती मी स्वतः केलेली आहे.

पहिल्या वर्षी मी शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेण उचलून आणलं आणि तसंच वाफ्यात कालवलं. सेंद्रिय म्हणजे शेण, एवढंच तेव्हा डोक्यात. वांगी जोमानं आली. श्रावणात एक रोप मान टाकून उभं. पाणी घातलं, तरी दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी हात लावला तर रोप अलगद वर आलं. खाली मूळच नव्हतं. बोटभर माती उकरली तर पांढरी, तपकिरी डोक्याची, कोयरीसारखी वळलेली अळी. हुमणी! एकेका रोपाखाली दोन-दोन. बावीस वांग्यांपैकी तीन वाचली. त्या वाफ्याकडं बघून मी रडले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

हुमणीचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की जमिनीतून बाहेर येतात, संध्याकाळी लिंबावर-बाभळीवर जमतात आणि कच्चं शेण मिळालं की त्यांच्या अंड्यांना आयती जागा होते. म्हणून शेणखत चांगलं कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर काळंभोर, भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसाचा, शेणाचा नाही. तसं मिळत नसेल तर धनगरांकडची लेंडी बघा. माण-खटावात मेंढरांचे कळप कमी नाहीत. पूर्वी कळप रात्रभर शेतात बसवायचे आणि त्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचे. लेंडीही कुजवूनच घालायची.

वाफा करायचा तो आता, मे महिन्यात. तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय पडत नाही. फूटभर खोल खणायचा आणि पंधरा दिवस तसाच उन्हात तापू द्यायचा. मग तळाला ज्वारीची धसकटं, उसाचं पाचट, लिंबाचा पाला. त्यावर लेंडी नाहीतर शेणखत, त्यावर काढलेली माती, पुन्हा पाला, पुन्हा माती. शेवटी जमिनीपेक्षा वीतभर उंच. दर थराला पाणी शिंपडायचं. महिन्याभरात वाफा हळूहळू खाली बसतो. बसला की समजायचं, आत काम चालू झालं.

आपली मुरमाड जमीन अशीच, वरून भरून भरून, सुधारावी लागते. आणि हे जुनंच शहाणपण आहे. महात्मा जोतीराव फुल्यांचं मूळ घराणं आपल्याच तालुक्यातल्या कटगुणचं. त्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात डोंगरातला पालापाचोळा, मेलेल्या किड्यांचे अवशेष पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरून जमीन कशी पोसायची आणि जंगलखात्यानं ते कसं तोडलं, हे त्यांनी फार पोटतिडकीनं मांडलंय. पाणी शेतातच मुरावं म्हणून ताली-बंधारे घाला, हेही त्यांचंच सांगणं. पुढं १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली आणि तीच इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. कटगुणच्या मातीतला माणूस त्याच्या चाळीस वर्षं आधी काय सांगत होता, हे आपल्या शाळांमध्ये शिकवलं पाहिजे.

दुसरं नाव श्रीपाद अच्युत दाभोलकरांचं. साताऱ्याच्या दाभोलकर घराण्यातले, गणिताचे प्राध्यापक, कोल्हापुरात राहून त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी त्यांच्या संगतीनं स्वतःच्या रानात प्रयोग केले. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब चांगलं जगू शकतं, हे त्यांनी पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडून दाखवलं. मला त्यांचं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी कुणाला विकत घ्यायची वस्तू सांगितली नाही. घरातला, बांधावरचा कचरा हीच माती, एवढंच सांगितलं. त्याच विचारावर मुंबईत गच्च्यांवर भाज्या झाल्या. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ पासून खरकट्याची माती करून झाडं वाढवली गेली. मुंबईत सिमेंटवर झालं, तर आपल्याकडं पायाखाली निदान मुरूम तरी आहे.

म्हणून त्या सूनबाईंना मी सांगितलं, पाकिटं कपाटात ठेवा. गांडूळखताच्या गोण्यांत काय आहे ते मात्र उघडून बघा. मी एकदा भरवशानं घेतलेल्या गोणीत निम्मी नुसती चाळलेली माती निघाली होती. परसबाग दुकानातून आणायची सवय लागली की पहिल्या उन्हाळ्यात ती वाळते, आणि माणूस म्हणतो, आपल्याला जमत नाही.

त्यांच्या घरात मला आणखी एक गोष्ट दिसली, ती आज बहुतेक घरांत दिसते. चुलत दिरांची सहा एकर जमीन. आलं, बटाटा, कांदा. पण घरात मेथीची जुडी येते आठवडी बाजारातून. जो शेतकरी सगळ्यांना खायला घालतो, त्याच्याच घरी भाजी विकत येते, तीही कालच फवारलेली आहे की परवा, हे माहीत नसताना. फवारणी आणि काढणी यांत जे दिवस सोडायचे असतात ते भाव चढला की कमी होतात, हे पिकवणारेच खासगीत कबूल करतात. मला हे फार जाचतं. बांधावर दोन ओळी घरासाठी ठेवायची पद्धत आपल्या आई-आज्यांनी मोडू दिली नव्हती. ती मोडली आपल्या पिढीनं.

कीड येणारच. चवळीवर मावा येईल, दोडक्या-भोपळ्याच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे बसतील. आपल्याकडं लिंबाला तोटा नाही. ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करायच्या, गर धुऊन सावलीत वाळवायच्या. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम कुटून फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवायच्या, सकाळी पिळून लिटरभर पाणी करायचं, त्यात साबणाचा किंचित चुरा, म्हणजे ते पानाला चिकटतं. फवारायचं दिवस कलल्यावर. उन्हात त्याचा गुण जातो. भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचायचे. हे काम पोरांना फार आवडतं. वाफ्याच्या कडेनं झेंडू लावला तर मुळांवरच्या सूत्रकृमींना आळा बसतो, आणि दसऱ्याची फुलंही घरची होतात.

आता थोडं सरकारी उपक्रमाबद्दल. 'उमेद' अभियानातून बचत गटांच्या बायकांनी पोषण परसबागा केल्या, शाळांतही परसबागांच्या स्पर्धा होतात. हे चांगलंच आहे, ते वाढावं. माझी एकच मागणी आहे. खटाव-माणसारख्या तालुक्यांत या स्पर्धांचं परीक्षण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात व्हावं. ऑगस्टमध्ये आपल्याकडं मुरमावरही तांदुळजा उगवतो. चैत्र-वैशाखात ज्या परसात शेवगा, अळू, कढीपत्ता आणि निदान एक वाफा तांदुळजा हिरवा आहे, त्या परसाच्या बाईनं पाण्याचं आणि मातीचं गणित सोडवलेलं असतं. बक्षीस तिला मिळावं. आणि गुण देताना घरच्या बियाण्याला वेगळे गुण असावेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० च्या पद्मश्री यादीत स्थान मिळालं ते गावरान बी जपल्याबद्दलच. आपल्या शेजारच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या ते बी राखलं म्हणून. कृष्णाकाठची काटेरी वांगी आजही चवीनं ओळखली जातात. या बिया आपल्या डब्यांत नसतील आणि ब्रोकोलीची पाकिटं असतील, तर दरवर्षी पुन्हा दुकानाच्या पायरीवर जावं लागणार.

हे मी त्या घरात बोलत होते तेव्हा सोप्यात बसलेल्या आजी उठून आत गेल्या. येताना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत राखेत घोळलेल्या दोडक्याच्या बिया, एका चिंधीत गाठ मारलेली तांबडी चवळी, आणि वाळलेला, खुळखुळणारा एक आख्खा दुध्या. घर पाडताना सुनेनं फेकून दिला असता म्हणून त्यांनी तो डबा दोन वर्षं देव्हाऱ्यामागं ठेवला होता. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोडक्याची एक बी बोटांत धरून दाबून बघितली. टणक होती.

परवा त्यांचा निरोप आला. प्लंबरला बोलावून न्हाणीचा पाइप परसात वळवलाय. कर्दळीचे गड्डे शेजारून मिळालेत. पहिला वाफा खणून उन्हात तापत ठेवलाय आणि आजींनी दहा बिया उगवतात का बघायला ओल्या फडक्यात बांधल्यात. त्यातल्या सहांना मोड आलेत.