वीस-वीसची पंगत

पानं मांडणं हे जोखमीचं काम आहे. आमच्या घरच्या मुंजीत शेवटची पंगत उठेपर्यंत मामा जेवत नसे. कुणी दोनदा जेवलं तरी चालेल, उपाशी कुणी जाता कामा नये, हा त्याचा दंडक. आमच्या वाचनालयाची सभासद-यादी संगणकावर चढवणाऱ्या आमच्या पुतण्याला असा मामा लाभला नाही.

चिटणिसांनी यादीचं एकेक पान उलटत वार्षिक सभेच्या पाकिटांवर नावं घातली. शेजारच्या मास्तरांना दोन पाकिटं आली. १९८८ पासून वर्गणी भरणाऱ्या मला एकही नाही!

"काका, खाली बघा, एकूण ३१२. सगळे आहेत," पुतण्या म्हणाला. अहो, ताटं मोजणारा निराळा आणि वाढणारा निराळा! मोजणाऱ्याचा हिशेब चोख म्हणून माझं पोट भरतं का?

"मी काही केलंच नाही. कंट्रोलरमध्ये डिफॉल्ट आहे."

काही केलं नाही, हाच माझा आक्षेप आहे. केकपीएचपी नावाच्या साच्यात तुम्ही गप्प राहिलात तर पानाला २० नोंदी पडतात. लारावेलच्या घरी १५. यात शास्त्रबिस्त्र नाही, परक्या वाढप्याचा अंदाज आहे. पत्त्यात कुणी दहा हजार मागितले तरी केकवाले १०० च्या वर वाढत नाहीत, हे मात्र शहाणपणाचं. खादाडाला आवर हवाच.

पण पंगतीला कोण कुणाच्या आधी बसणार, हे यजमानानंच सांगायला नको? पठ्ठ्यानं क्रम लावला होता सभासदत्वाच्या तारखेनं. आणि १९८८ च्या वर्धापनदिनी आम्ही चाळीस जण एकाच दिवशी सभासद झालेलो! प्रत्येक पान म्हणजे डेटाबेसला नव्यानं विचारलेला प्रश्न. तारीख सारखी असली की त्या चाळिसांत कुणाला पुढे बसवायचं ही त्याची मर्जी; सातव्या पानाच्या वेळची मर्जी आठव्याला टिकेलच असं नाही. म्हणून मास्तर दोन्हीकडे जेवले.

"तीनशेत एखादं व्हायचंच," असं पुतण्यानं म्हणून पाहिलं. त्याला म्हटलं, तो एखादा तुझ्यासमोर बसलाय.

शेवटी ऑर्डरमध्ये तारखेपुढे सभासद क्रमांक घातला. अर्ध्या मिनिटाचं काम! आता मी आठव्या पानावर आहे. तिसरा. सभा मात्र मागच्या रविवारीच झाली. मास्तर म्हणतात, बटाटेवडा बरा होता.