वास्तु आणि तथास्तु

गेल्या वैशाखांत आम्ही जुना वाडा सोडून नव्या घरीं राहावयास आलों. वास्तुशांति यथाविधि झाली. आग्नेय कोपऱ्यांत वास्तुप्रतिमा पुरली. उपाध्यायांस दक्षिणा, गवंडी-सुतारांस शेला-नारळ दिले. रात्रीं सौभाग्यवती म्हणाली, "सूनबाईनें पाटल्या मोडल्या, म्हणून हें छत पुरें झालें. तिला कोणी कांहीं म्हटलें का?"

मी निरुत्तर झालों. ३५ वर्षें मुलांस विग्रह शिकविला : केलेलें जाणतो तो कृतज्ञ. घरच्यांचेंच जाणावयाचें राहिलें!

सकाळीं देवापुढें सूनबाईस बोलावून सर्वांदेखत तिचें ऋण मान्य केलें. ती कांहीं बोलली नाहीं. डोळे मात्र भरून आले.

वाचकहो, वास्तु 'तथास्तु' म्हणते खरी. परंतु आधीं आपणांस चांगलें बोलावें लागतें.