‘गेट’ला हद्दपार करणाऱ्यांस

इंग्रजीच्या वर्गांतून एक फतवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: निबंधात ‘गेट’ लिहू नका. पर्यायांची यादीही ठरलेली असते. ऑब्टेन, रिसीव्ह, बिकम, अराइव्ह. ज्या शब्दाचे इतके अर्थ होतात त्याला स्वतःचा असा अर्थच नसतो, हा त्यामागचा सिद्धांत. पदवीच्या उत्तरपत्रिकेत हे क्रियापद दिसले की त्याभोवती तांबडे वर्तुळ उमटते. सिद्धांत खोटा आहे. आणि वाचन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तो शिकवावा हे लाजिरवाणे आहे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांत एक विनोदी उतारा फिरत असे. पत्र मिळताच घोड्यावर बसणारा, वाटेत भिजणारा, पुढे भाड्याची गाडी करणारा एक गृहस्थ. आणि त्याच्या प्रत्येक कृतीला एकच ‘गॉट’. विद्यार्थ्याने हसावे आणि जागोजाग ‘योग्य’ क्रियापद घालावे, ही अपेक्षा. पण या उताऱ्याने सिद्ध काय होते? तोच शब्द इतक्यांदा येऊनही वाचकाचा एकदाही घोटाळा होत नाही. कंटाळा येतो, हे मान्य. मात्र कंटाळा हा शैलीचा दोष झाला. त्यावरून शब्दावर संदिग्धतेचा आरोप ठेवणे हा निव्वळ आळस आहे.

उलट जेथे इतर क्रियापदे संदिग्ध, तेथे ‘गेट’ नेमके बोलते. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे काच फुटलेली होती, की फुटली? वाक्य सांगत नाही. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटले की शंका उरत नाही: फुटली. ‘आय मेड हिम साइन’ आणि ‘आय गॉट हिम टु साइन’ यांतले अंतर तर मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. पहिल्यात मी त्याला सही करायला लावली. दुसऱ्यात त्याला राजी करून सही करून घेतली. एकात जबरदस्ती, दुसऱ्यात मनधरणी. यादीतल्या भारदस्त लॅटिन पर्यायांपैकी एकही हा भेद दाखवू शकत नाही.

आणि ज्यांच्या मातृभाषेत ‘लागणे’ आहे त्यांनी अनेकार्थतेला नाके मुरडावीत, ही तर गंमतच. भूक लागते, ठेच लागते, आग लागते. वेड लागते, नोकरी लागते, लग्न लागते. वाटेत गाव लागते, पोचायला वेळ लागतो, आणि पोचल्यावर पाऊस पडू लागतो. या सर्वांत ‘लागणे’चा एक समान अर्थ शोधून दाखवा. तरी मराठीच्या कोणा शिक्षकाने ‘लागणे’भोवती वर्तुळ काढल्याचे ऐकिवात नाही. वापरून वापरून शब्दाचा मूळ अर्थ झिजतो, आणि झिजलेला शब्द व्याकरणाच्या कामाला लागतो. ‘गेट’चेही तेच झाले. मिळवणे हा त्याचा आरंभीचा अर्थ. तेथून पोचणे, होणे, करून घेणे आणि समजणेही. ‘आय गॉट इट’ म्हणजे, आपल्याच शब्दांत, अर्थ लागला.

मग आकस कशाचा? कुळाचा. हे क्रियापद ब्रिटनमध्ये येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेतून आलेले. जुन्या इंग्रजीत त्याची भावंडे होती, पण उपसर्ग घेऊनच वावरणारी. ‘फरगेट’ आणि ‘बिगेट’ ही त्यांचीच वंशावळ. कुलीनता लॅटिनकडे आणि फ्रेंचकडे. खुद्द इंग्रजांत या शिष्टपणाविरुद्ध 1906 साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये आणि 1946 साली ऑर्वेलने राजकारण व भाषा यांवरील निबंधात लिहिले. तो निबंध आपण अभ्यासक्रमात लावतो, त्यावर प्रश्न विचारतो, आणि उत्तर तपासताना ‘गॉट’ खोडून ‘ऑब्टेन्ड’ करतो!

याची किंमत मोजतो तो मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी. शहरी घरांतली मुले ‘गेट’ घरीच उचलतात. वर्गातला फतवा त्यांना बाधत नाही. ज्याला इंग्रजी वर्गातच भेटते, त्याच्या हाती आपण सरकारी परिपत्रकाची भाषा देतो. मुलाखतीत तो ‘आय प्रोक्युअर्ड ॲडमिशन’ म्हणतो, समोरचे स्मित करतात, आणि आपण का फसलो ते त्याला कळत नाही. ‘गेट ओव्हर’, ‘गेट अवे विथ’, ‘गेट बाय’ हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. नाटकातला किंवा कादंबरीतला संवाद वाचताना तो अडतो तोही नेमका येथेच, मोठ्या शब्दांवर नव्हे.

कायदेशीर मसुद्यात ‘गेट’ नको, हे कोण नाकारतो? पण निबंध म्हणजे मसुदा नव्हे. हॅम्लेट ऑफीलियाला मठात जायला फर्मावतो ते याच क्रियापदाने. 1611 च्या इंग्रजी बायबलात केनच्या जन्मानंतर ईव्हच्या तोंडी येते ते याचेच ‘गॉटन’ हे रूप. अमेरिकनांनी ते जपले आहे आणि त्यावर एक भेदही उभा केला आहे: ‘हॅव गॉट’ म्हणजे जवळ आहे, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवले आहे. आपल्याकडे मात्र ‘गॉटन’ ही सरसकट चूक ठरते, आणि गुण कापले जातात.