कडीला हात न लावता

तारापूरच्या एखाद्या कारखान्यावर वाकडी नजर ठेवणाऱ्याला पूर्वी निदान बोईसर स्थानकावर उतरावे लागे. बेटेगावच्या एखाद्या टपरीवर चहा घेत पाळी केव्हा बदलते, पहारेकरी केव्हा पेंगतो, मागच्या कुंपणाचे पत्रे कोठे सुटले आहेत, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागे. आणि तोच अनोळखी चेहरा चार दिवस दिसला म्हणजे टपरीवाल्यालाही शंका येई. आज चोराची ती गैरसोय उरलेली नाही. हजार कोसांवर बसलेला माणूस त्या कारखान्याच्या संगणकाला एकदाही स्पर्श न करता त्याची बित्तंबातमी गोळा करू शकतो. मालकाच्या संमतीने त्याच्याच व्यवस्थेतील छिद्रे शोधून देणारे ‘एथिकल हॅकर’ या प्रकाराला निष्क्रिय टेहळणी म्हणतात, आणि आपल्या कामाचा आरंभ तेही तेथूनच करतात. अर्थात दुष्ट हॅकरही तेथूनच करतो.

ही टेहळणी चालते कशी? समजा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधी द्रव्ये तयार करणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. त्याच्या संकेतस्थळाचे नाव केव्हा व कोणामार्फत नोंदले गेले हे सार्वजनिक नोंदवहीत पाहावयास मिळते. संकेतस्थळांना जी सुरक्षा-प्रमाणपत्रे दिली जातात त्यांची जाहीर नोंद ठेवणे २०१८ पासून जवळजवळ सक्तीचे झाले. हेतू उत्तम, खोटे प्रमाणपत्र लपून राहू नये. परंतु केवळ चाचणीसाठी म्हणून उघडलेल्या आणि पुढे सर्वांनीच विसरून टाकलेल्या उपसंकेतस्थळाचे नावही त्याच नोंदीत सापडते. नोकरीची जाहिरात घ्या. ‘अमुक कंपनीच्या अमुक नियंत्रण-यंत्रणेचा अनुभव आवश्यक’ असे तीत छापले, की आपल्या रिअ‍ॅक्टरचे तापमान कोणते यंत्र सांभाळते हे मालकानेच जगाला कळविले. संकेतस्थळावर चढविलेल्या माहितीपत्रकाच्या पोटात ते तयार करणाऱ्या कारकुनाचे नाव आणि त्याच्या संगणकातील प्रणालीची आवृत्ती पुष्कळदा तशीच राहून गेलेली असते. आणि २००९ साली जॉन मॅथर्ली यांनी सुरू केलेले ‘शोडन’ हे शोधयंत्र तर पाने नव्हे, इंटरनेटला जोडलेली यंत्रेच धुंडाळते: कॅमेरे, राउटर आणि कारखान्यांतील नियंत्रकसुद्धा. दार ठोठावण्याचे काम शोडनने आधीच केलेले असते. पाहणाऱ्याने फक्त त्याची वही चाळावयाची.

यांतील एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. एकत्र मांडली म्हणजे तिचा नकाशा होतो. अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीवर मे २०२१ मध्ये हल्ला करणारे लुटारू तिच्या संगणकांत शिरले होते, ते वापरात नसलेल्या एका जुन्या खात्याच्या परवलीने. ती परवली फुटलेल्या परवलींच्या ढिगाऱ्यात पडलेली होती, हे नंतरच्या चौकशीत आढळले. काही दिवस ती वाहिनी बंद राहिली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली.

माहिती आधी व मोहीम नंतर, हा क्रम महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. १६६४ च्या जानेवारीतील सुरतेच्या स्वारीपूर्वी बहिर्जी नाईकांनी ते शहर हेरून ठेवले होते, असे परंपरा सांगते. आणि त्या स्वारीच्या वाटेवर महाराज जव्हारास आले होते, ही आठवण आजच्या पालघर जिल्ह्यात अजून जपली जाते. एवढ्या श्रीमंत बंदराला धड तट नव्हता, हे सुरतेत कोणापासून लपलेले होते काय? जे सर्वांना दिसत होते तेच बहिर्जींनी पाहिले. सुभेदाराने मात्र ते कधी शत्रूच्या नजरेने पाहिले नाही.

आता अलीकडच्या एका अनुभवाकडे वळू. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘डीट्रॅक’ नावाच्या घातक प्रणालीचा एक नमुना विषाणू तपासणाऱ्या एका सार्वजनिक संकेतस्थळावर आला. त्याच्या पोटात तामिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि अंतर्गत जाळ्यातील परवली लिहिलेली असल्याचे बाहेरच्या अभ्यासकांनी वाचले. प्रकल्पाच्या एकाही यंत्राला त्यासाठी हात लावण्याची गरज पडली नव्हती. २९ ऑक्टोबरला प्रकल्पाच्या वतीने सांगण्यात आले की, नियंत्रण-यंत्रणा बाहेरच्या जाळ्याला जोडलेलीच नसल्यामुळे असा हल्ला संभवतच नाही. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने कबूल केले की घातक प्रणाली आढळली ही गोष्ट खरी. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने ती ४ सप्टेंबरलाच निदर्शनास आणली होती. आणि बाधित संगणक प्रशासकीय कामाच्या जाळ्यातला होता. अणुभट्टीला धक्का पोचला नाही, हे महामंडळाचे म्हणणे आम्ही मान्य करतो. पण प्रशासकीय संगणकात साधारणतः असते तरी काय? कामगारांच्या याद्या, पुरवठादारांची पत्रे, दुरुस्तीची वेळापत्रके. पुढच्या फेरीची तयारी करणाऱ्याला याहून अधिक मोलाचे काय मिळावयाचे?

हेच महामंडळ तारापूरचा अणुवीज प्रकल्प चालविते. तेथे १९६९ पासून वीज निर्माण होत आहे आणि त्याच्याभोवती पहाराही कडक आहे. आमची खरी चिंता त्याच्या शेजारच्या रासायनिक वसाहतीविषयी आहे. येथील रहिवाशांना कारखान्यातील स्फोटाचा आवाज नवा नाही. त्या दुर्घटनांचा दोष आम्ही हॅकरांवर ढकलू इच्छित नाही; निष्काळजीपणा हा त्यांच्याहून जुना शत्रू आहे. परंतु २०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात ‘ट्रायटन’ नावाची जी प्रणाली सापडली, तिचा रोख नेमका अपघात टाळणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेवरच होता, हे कोण विसरेल? ज्या यंत्राने दाब वाढताच काम थांबवावयाचे, त्याच यंत्राला फितवण्याचा तो प्रयत्न होता. बोईसर, पास्थळ, बेटेगाव येथे माणसे या कारखान्यांच्या शेजारी राहतात, आणि बेटेगावच्याच शिवारात बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक उभे राहात आहे. वस्ती वाढणार ती याच धुराड्यांच्या छायेत.

अशा वेळी काही अधिकारी व कारखानदार यांना एक उपाय फार सोपा वाटतो: माहितीच बंद करा! त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. पर्यावरण मंजुरीसाठी सादर होणाऱ्या अहवालांत बाष्पित्रांची क्षमता, साठविलेल्या रसायनांची नावे व प्रमाण हे सर्व असते, आणि ते केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येते. हेरालाही पाहता येते, हे खरे. परंतु आपल्या विहिरीशेजारी काय साठविले जात आहे, हे जाणण्याचा बेटेगावच्या माणसाचा हक्क त्याहून मोठा आहे. टाकीत काय आहे हे शेजाऱ्याला कळलेच पाहिजे. टाकीची झडप कोणत्या परवलीने उघडते हे कळण्याचे त्याला कारण नाही. हा भेद न करता सरसकट पडदा ओढला, तर लाभ हेराच्या विरुद्ध होण्याऐवजी प्रदूषण करणाऱ्याच्या पदरात पडेल.

मग करावयाचे काय? प्रथम, आपण बाहेरून कसे दिसतो ते एकदा पाहावयाचे. लहान कारखानदार म्हणेल की, आमच्याकडे संगणकाचे म्हणून जे काही आहे ते एका कंत्राटदाराचा मुलगा महिन्यातून एकदा येऊन बघतो! त्याची अडचण खरी आहे. म्हणूनच हे काम औद्योगिक विकास महामंडळाने व उद्योजकांच्या संघटनेने संपूर्ण वसाहतीसाठी एकत्र हाती घ्यावे. निष्क्रिय पाहणीस उत्पादन थांबवावे लागत नाही, की कोणत्याही यंत्राला धोका पोचत नाही. त्यामुळे ‘आता हंगाम आहे, पुढे बघू’ ही सबबही येथे चालणार नाही.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे हा दोष आहे. तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जाहीर नोंदी चाळणारा तरुण या कलमांच्या बाहेर राहतो. पण नोंदीत दिसणारे दार खरोखरच उघडे आहे काय, हे पाहावयास त्याने ते लोटले, की तो आत आला! परिणामी प्रामाणिक माणूस गप्प बसतो आणि दार तसेच उघडे राहते. एप्रिल २०२२ च्या आदेशाने हल्ल्याची खबर सहा तासांत ‘सर्ट-इन’ला देण्याचे बंधन आले, हे योग्यच झाले, पण हल्ल्यापूर्वी सद्‌हेतूने इशारा देणाऱ्याला संरक्षण देण्याची तरतूद कायद्यातच व्हावयास हवी.

ती होईपर्यंत कारखान्यांना एक गोष्ट उद्याच करता येईल. तारापूरच्या वसाहतीतील प्रत्येक कारखान्याने आपल्या संकेतस्थळावर, ‘आमच्या व्यवस्थेत दोष आढळल्यास येथे कळवावे’ अशी एक ओळ व पत्ता ठळकपणे द्यावा, आणि त्या पत्त्यावर येणारी पत्रे वाचावयास एक माणूस नेमावा.