सोमलाची कसोटी

ज्या सोमलाचे नाव आपल्याकडे विषप्रयोगाच्या खटल्यांतच ऐकू यावयाचे, तेच द्रव्य अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या विरळा रक्तकर्करोगात प्राणदायी ठरले, ही वैद्यकातील अपूर्व घटना होय. या व्याधीत हिरड्यांतून रक्त झिरपते, सुई टोचली तेथे काळानिळा डाग पसरत जातो, आणि पुष्कळदा निदानाचा कागद हाती पडण्यापूर्वीच मेंदूतील रक्तस्रावाने रोगी दगावतो. 1985 साली शांघायच्या वांग झेनयी यांनी अशाच एका मरणोन्मुख पाच वर्षांच्या मुलीस अ जीवनसत्त्वाच्या कुळातील ट्रेटिनॉइन दिले व ती वाचली. हार्बिनच्या झांग तिंगदोंग यांनी तर त्याआधीच, 1970 च्या दशकात, सोमलाचा उपयोग आरंभिला होता.

या रोगास कारण होणाऱ्या विकृत प्रथिनाच्या एका अंगावर ट्रेटिनॉइन आणि दुसऱ्यावर सोमल आघात करते, तेव्हा दोहोंची जोडी सरस ठरेल हे अनुमान सहज सुचण्याजोगे होते. परंतु ट्रेटिनॉइनसह केमोथेरपीने बहुसंख्य रोगी बरे होत असता, ती केमोथेरपी काढून घेण्याची जोखीम निव्वळ अनुमानाच्या भरवशावर कोणता वैद्य पत्करील? इटली व जर्मनीतील अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन 2007 ते 2010 या तीन वर्षांत जमविले ते अवघे 162 रोगी, तेही कमी व मध्यम जोखमीचे. कोणास कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले. आणि 2013 साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा, दोन वर्षांअंती रोग न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण नव्या जोडीत 97 टक्के, तर जुन्या उपचारात 86 टक्के भरले.

विरळा रोगाची परीक्षा एकट्यादुकट्या रुग्णालयाच्या आवाक्यातली नव्हे, आणि जुन्या द्रव्यांच्या जोडणीत नफ्याची आशा थोडी असल्याने कारखानदारही तिकडे सहसा वळत नाहीत. म्हणून अशा परीक्षांचा खर्च सरकारी खजिन्यानेच उचलला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने केवळ सोमलावर रोगी बरे करून दाखविले आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचे जाळेही उभे आहे. आता अंदाजपत्रकात अशा परीक्षांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, आणि तीत गडचिरोलीहून परळला येणाऱ्या रोग्याच्या व त्याच्या सोबत्याच्या प्रवासखर्चाची, राहण्याची, तसेच अंगठा उठविण्यापूर्वी संमतिपत्र त्याच्याच बोलीत समजावून सांगणाऱ्या माणसाच्या पगाराची तजवीज असावी.