ओळी जुळल्या, चित्रांचे काय?

धुळे-जळगावच्या जुन्या फेरफारांची स्कॅन केलेली पाने एका डेटाबेसातून दुसऱ्यात नेताना दोन्हीकडच्या ओळींची संख्या जुळली की काम फत्ते, असे मानायची आपल्या व्यवसायाला सवय लागली आहे. ती मोडली पाहिजे. ओळ पोचली म्हणून तिच्यातले चित्र पोचलेच असे नाही. मायएसक्यूएलच्या साध्या ब्लॉब रकान्यात ६५,५३५ बाइट मावतात. स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर मोठे चित्र नुसता इशारा देऊन तिथेच छाटले जाते आणि ओळ मोजणीत पुरी भरते. असे जेपेग उघडून पाहा. वर गावाचे नाव, फेरफार क्रमांक स्वच्छ. खाली मंडळ अधिकाऱ्याचा मंजुरीचा शेरा असायचा तिथे करडा पट्टा. ज्या शेतकऱ्याला तो शेराच हवा आहे, त्याच्या दृष्टीने ते पान हरवलेलेच. चित्राचे बाइट मजकूर समजून यूटीएफ-८ मध्ये बदलले गेले तर त्याहून वाईट, कारण मूळ बाइट अनेकदा परत मिळवताच येत नाहीत.

लाखो पाने कोण पाहणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पहिली चाळणी यंत्राची हवी: प्रत्येक चित्राची लांबी आणि एसएचए-२५६ हॅश स्थलांतरापूर्वी नोंदवावा, नंतर पुन्हा काढून ताडावा. इथे नमुना तपासणी चालणार नाही, एकूण एक चित्र तपासावे. मग हॅश जुळल्यावर डोळ्यांनी पाहायचे कशाला? कारण हॅश बाइट तेच आहेत एवढेच सांगतो, ते कुठल्या गावाचे हे सांगत नाही. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या याद्यांत शहादा, तळोदा, नवापूर धुळ्याखालीच आहेत. नव्या संकेतांकांशी जोडणी करताना एक गाव चुकले, खुर्दचे पान बुद्रुकला लागले, तरी हॅश बिनचूक जुळेल. ही चूक पानावरचे गावाचे नाव वाचणाऱ्यालाच सापडते. त्यासाठी सरसकट नमुना न घेता मुद्दाम अवघड पाने निवडावीत: सर्वांत मोठ्या फायली, जिल्हा बदललेले तालुके, खुर्द-बुद्रुकच्या जोड्या. पान शेवटच्या ओळीपर्यंत उघडावे. लघुचित्रावर भागवू नये.

एवढ्याने मुदत वाढते, खर्च वाढतो, हे खरे. पण जुना सर्व्हर एकदा पुसला की ताडायला मूळच उरत नाही. न जुळलेल्या पानांची यादी निकाली निघेपर्यंत तो केवळ वाचनासाठी चालू ठेवावा आणि त्याचा खर्च निविदेतच धरावा.