तांबड्या समुद्रातला संघर्ष: धर्माचा की व्यापारी वाटेचा?

नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे मालवाहू जहाज ताब्यात घेतलं. गाझातल्या पॅलेस्टिनींसाठी आपण हे करत असल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे हल्ले वाढले. बड्या कंपन्या सुवेझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. नाशिकची द्राक्षं युरोपात उशिरा पोहोचू लागली, जहाजाचं भाडंही वाढलं.

हा वळसा जुनाच आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा याच वाटेने कालिकतला आला होता.

व्हेनिस कुणाच्या बाजूने?

तोवर भारतातली मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून व्हेनिसमार्गे युरोपात जायची. इजिप्तच्या मामलुक सुलतानांना जकात मिळायची, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना नफा. पोर्तुगीजांना ही वाट तोडायची होती. त्यांच्यासाठी हे धर्मयुद्धही होतं आणि तो नुसता देखावा नव्हता. १५०२ मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसह जाळलं.

पण बाजू धर्माप्रमाणे पडल्या नाहीत. पोर्तुगीजांना रोखा, असं सांगायला ख्रिस्ती व्हेनिसने कैरोला दूत पाठवला. १५०९ मध्ये दीवच्या लढाईत मामलुक, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा हिंदू राजा झामोरिन एकत्र होते. कोचीचा हिंदू राजा मात्र पोर्तुगीजांचा मित्र होता. ही लढाई पोर्तुगीजांनी जिंकली.

परवाना कुणाच्या हातात?

पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला. तो नसेल तर जहाज जप्त व्हायचं. १५७० च्या दशकात अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा तिलाही परवान्यासाठी सुरतेत थांबावं लागलं. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं, त्यांनाही परवाना घेतला की समुद्र खुला होता.

आताही चित्र फार वेगळं नाही. रशिया आणि चीनच्या जहाजांना धोका नाही, असं एका हुथी नेत्याने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं. गाझाबद्दलचा संताप खरा असू शकतो. पण कुणाला वाट मोकळी आणि कुणाला बंद हे ठरवता येणं, ही स्वतंत्र ताकद आहे. त्यामुळे तांबड्या समुद्राची पुढची बातमी वाचताना घोषणा काय आहे एवढंच पाहून चालणार नाही. कुणाची जहाजं सुखरूप जातायत, हेही पाहायला हवं.